आनंदासाठी वाचणे आणि चित्रकाराचा डोळा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. उमेदीच्या काळात दुकानांचे बोर्ड रंगवले, पुढे चित्रकलेचे शिक्षक झालो आणि खडू-ब्रशाच्या धुळीतच निवृत्त झालो. बोलण्यापेक्षा रंगवणे आम्हाला सोपे जाते. तरीही समितीने आग्रह केला, तेव्हा आम्ही एका अटीवर हो म्हटले. विषय आमच्या पसंतीचा असेल, आणि आम्ही घरून आणलेली सात-आठ रंगीत चित्रे या भिंतीवर लावू द्याल, ही ती अट. अट मान्य झाली. चित्रे लागलेली आहेत. ती ज्याने काढली त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. तो आपल्यापासून फार दूरचा, हॉलंड देशातला. पण आज त्याची गोष्ट सांगण्यामागे कारण आहे, आणि ते कारण याच विहारात, या आपल्या पाठीमागच्या कपाटात आहे.

आपल्या वाचनालयाचे हे एकच कपाट. जागा कमी, पुस्तके जास्त. गेल्या महिन्यात बैठकीत सूचना आली की स्पर्धा परीक्षांची नवी पुस्तके ठेवायला जागा हवी, तेव्हा गोष्टींची, कादंबऱ्यांची पुस्तके बांधून माळ्यावर टाकावीत. सूचना करणारे आमचे स्नेही आहेत, त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. पोरं शिकावीत, साहेब व्हावीत, हेच त्यांच्या मनात. आम्ही म्हटले, "अहो, चित्र काढणारी चार पोरं इथं बसतात, त्यांना गोष्टी लागतात." त्यावर एक पालक म्हणाले, "गुरुजी, चित्र काढायला हात लागतो. वाचायला कशाला लागतं?"

प्रश्न अगदी सरळ होता. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आज द्यायचा प्रयत्न करतो.

पण आधी एक कबुली. हाच प्रश्न कधी काळी आम्ही स्वतः विचारला होता, आणि तोही स्वतःच्या मुलाला. १९९४ साल. मुलगा दहावीला. चित्रकलेत त्याचा हात चांगला. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षा झालेल्या. अभ्यासाच्या वेळी तो भूगोलाच्या पुस्तकात दुसरे पुस्तक लपवून वाचत होता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! वहीच्या कडेला सायकलीच सायकली काढलेल्या. आम्ही पुस्तक हातातून ओढले. म्हणालो, "याचा उपयोग काय? याचे मार्क मिळणार आहेत का?" तो काही बोलला नाही. दहावीला मार्क चांगले पडले, पुढे नोकरीही चांगली लागली. पण त्या दिवसानंतर वहीच्या कडेला सायकल काही आली नाही. घरात चित्रकलेचा मास्तर, आणि पोराची चित्रकला थांबवली ती मास्तरानेच! हे दुःख कुणाला सांगायचे? म्हणून आज तुम्हाला सांगतो.

आता भिंतीवरच्या चित्रांकडे वळू.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा. वडील खेड्यातले ख्रिस्ती धर्मोपदेशक. सोळाव्या वर्षी हा मुलगा चित्रे विकणाऱ्या पेढीत नोकरीला लागला. हेग, लंडन, पॅरिस अशी गावे झाली आणि १८७६ साली नोकरी सुटली. मग इंग्लंडात शाळामास्तर, १८७७ मध्ये काही महिने डॉर्ड्रेख्ट गावी पुस्तकाच्या दुकानात, मग धर्मशास्त्राचा अभ्यास. तोही अर्धवट राहिला. पुढे बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात मजुरांना उपदेश करायला गेला. अंगावरचे कपडे वाटून टाकले, झोपडीत राहिला. वरिष्ठांना हे काही पसंत पडले नाही, नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. सत्तावीस वर्षांचा धडधाकट तरुण, पण हातात काही नाही. घरच्यांच्या लेखी तो वाया गेलेला!

१८८० च्या उन्हाळ्यात, बऱ्याच महिन्यांच्या अबोल्यानंतर, त्याने धाकट्या भावाला, थिओला, लांबलचक पत्र लिहिले. या पत्रात तो आपल्या पुस्तकांच्या वेडाबद्दल मोकळेपणाने लिहितो. शेक्सपिअर, व्हिक्टर ह्यूगो, डिकन्स, हॅरिएट बीचर स्टोव अशी नावे घेतो. पाहायला शिकावे लागते तसे वाचायलाही शिकावे लागते, असा त्या पत्राचा भाव आहे. आणि त्याच वर्षी त्याने ठरवले की आपण चित्रकार व्हायचे. पुढे आयुष्य उरले होते फक्त दहा वर्षांचे. त्या दहा वर्षांत त्याने सुमारे ८६० तैलचित्रे काढली. चित्रे तर आहेतच, पण त्याची आठशेवर पत्रेही आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत जागोजागी पुस्तके आहेत. डच, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा चार भाषांत तो वाचायचा. कुठली परीक्षा द्यायची होती म्हणून नव्हे. वाचल्याशिवाय राहवत नसे म्हणून!

याचा वडिलांना त्रास व्हायचा. १८८१ च्या सुमारास बापलेकांचे जोरदार खटके उडाले, त्यात पुस्तके हेही एक कारण होते. मुलाच्या हातात मिशले किंवा ह्यूगो असे फ्रेंच लेखक दिसले, की वडिलांना आगी लावणारे आणि खून करणारे लोकच डोळ्यांसमोर दिसतात, अशी तक्रार व्हिन्सेंटने भावाजवळ केली आहे. बघा, बाप वाईट नव्हता. त्याला पोराची काळजी होती. आम्हालाही होतीच की!

वडील मार्च १८८५ मध्ये अचानक वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिन्सेंटने एक चित्र एका दिवसात पूर्ण केले. डावीकडून पहिले पाहा. मोठे, जाडजूड, उघडे पुस्तक आहे ते बायबल, वडिलांचे. शेजारी विझलेली मेणबत्ती. आणि पुढे टेबलाच्या कडेला एक छोटे, पिवळ्या कव्हराचे, हाताळून हाताळून कोपरे दुमडलेले पुस्तक. ती एमिल झोलाची कादंबरी. तिच्या नावाचा अर्थ 'जगण्याचा आनंद'.

आम्ही हे चित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा वाटले की मुलाने वडिलांवर सूड उगवला. जुने विझले, नवे आले, असा अर्थ आम्ही लावला. पण पुढे कळले की बायबल उघडलेले आहे ते यशया या भागाच्या ५३ व्या अध्यायावर. त्या अध्यायात लोकांनी झिडकारलेल्या, दुसऱ्यांचे दुःख स्वतःवर घेणाऱ्या माणसाची हकिकत आहे. आणि झोलाच्या कादंबरीत पॉलिन नावाची पोरकी मुलगी आहे, जी स्वतःचे सगळे दुसऱ्यांना देत जाते आणि तरी कडवट होत नाही. म्हणजे दोन्ही पुस्तकांतले माणूस एकाच जातकुळीचे! ज्या गोष्टीवरून बापलेक भांडले, तीच गोष्ट दोघांच्या पुस्तकांत होती, असे आम्हाला आता वाटते. हे बोलायला वडील नव्हते, म्हणून मुलाने चित्र काढले. ती कादंबरी त्याने वाचलीच नसती, तर टेबलावर नुसते एक पुस्तक आणि एक मेणबत्ती राहिली असती.

इथे एक गैरसमज दूर करू. व्हिन्सेंट कादंबरीतले प्रसंग काढत बसला नाही. कथेच्या बाजूला छापतात तशी चित्रे ही नव्हेत. मग पुस्तकाने केले काय?

हे निळे-पिवळे चित्र बघा. रात्रीचा चौक, पिवळ्या उजेडात न्हालेले कॅफे, वर चांदण्या. ही जागा फ्रान्सच्या दक्षिणेतल्या आर्ल गावातली आणि चित्र सप्टेंबर १८८८ चे. रात्री त्या जागेवर उभे राहून काढलेले. याविषयी धाकट्या बहिणीला लिहिताना व्हिन्सेंट तिला विचारतो की तू मोपासाँची 'बेल-अमी' वाचलीस का? त्या कादंबरीच्या सुरुवातीला पॅरिसमधली चांदणी रात्र आणि उजेडाने भरलेली कॅफे आहेत, आणि आपण नुकतेच काढले ते साधारण तेच, असे तो सांगतो.

आता त्या कादंबरीची सुरुवात काय आहे? एक तरुण उन्हाळ्याच्या रात्री रस्त्याने चाललाय. खिशात मोजके तीन-साडेतीन फ्रँक, महिना संपायला दोन दिवस. घसा कोरडा. कॅफेत बसून गार काहीतरी पिणाऱ्या लोकांकडे तो बघतोय. व्हिन्सेंटही भावाने पाठवलेल्या पैशांवर जगणारा. असा माणूस त्या चौकातून किती वेळा गेला असेल! चौक रोजचाच. पण वाचलेले पान मनात होते म्हणून एका रात्री तो चौक त्याला चित्र म्हणून दिसला. आम्ही मुलांना शिकवताना म्हणायचो, "समोर आहे ते काढा." पण समोर काय आहे हे दिसायला हवे ना!

दुसरे उदाहरण गमतीचे आहे, लहान मुलांनी ऐका. अल्फोन्स दोदे या लेखकाची 'तार्तारँ' नावाची विनोदी कादंबरी आहे, १८७२ ची. तारास्कों गावचा हा बढाईखोर गडी सिंहाच्या शिकारीला आफ्रिकेत जातो. तिथे त्याला गावाकडची जुनी घोडागाडी भेटते आणि ती चक्क बोलते! रेल्वे आली, मला कुणी विचारेना, म्हणून इथे परमुलखात धाडले, असे रडगाणे गाते. व्हिन्सेंटला हे प्रकरण भारी आवडायचे. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याने एका खानावळीच्या अंगणात उभी असलेली लाल-हिरवी घोडागाडी रंगवली, आणि भावाला लिहिताना त्या बोलणाऱ्या गाडीच्या रडगाण्याची आठवण दिली. पाहा हे चित्र. गाडी नुसती उभी आहे, पण आता तुम्हाला ती बिचारी वाटते की नाही? हसवणाऱ्या पुस्तकाने इतके केले. बहिणीलाही तो हसवणारी पुस्तके वाचायला सांगायचा.

ही गोष्ट ज्यांना उथळ वाटेल, त्यांच्यासाठी खुर्चीचे चित्र लावले आहे. साधी, गवताने विणलेली, रिकामी खुर्ची, वर पाईप आणि तंबाखूची पुडी. ही व्हिन्सेंटची स्वतःची. शेजारचे चित्र त्याचा मित्र, चित्रकार पॉल गोगँ याच्या खुर्चीचे आहे. तीवर पेटलेली मेणबत्ती आणि दोन कादंबऱ्या ठेवल्यात. माणूस नाही, पण माणसाचे चित्र पूर्ण! ही कल्पना आली कुठून? इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला. तेव्हा ल्यूक फाइल्ड्स नावाच्या चित्रकाराने डिकन्सची अभ्यासिका काढली. टेबल आहे, खुर्ची आहे, लेखक नाही. ते चित्र साप्ताहिकात छापून घरोघर गेले. व्हिन्सेंटने ते जपून ठेवले होते, १८८२ मध्ये भावाला त्याची सगळी कथा कळवली होती. डिकन्सच्या नाताळच्या गोष्टी तर तो लहानपणापासून जवळजवळ दरवर्षी पुन्हा वाचायचा, आणि दरवेळी त्या नव्या वाटतात म्हणायचा. लेखकाबद्दल असे प्रेम असल्याशिवाय एक रिकामी खुर्ची सहा वर्षे मनात राहत नाही. त्या गोष्टी वाचताना तो खुर्चीच्या चित्राची तयारी थोडाच करत होता? तो मजेत वाचत होता. तयारी आपोआप होत होती.

आता विहाराच्या मंडळींना विशेष वाटेल असे चित्र. सप्टेंबर १८८८ मधले हे त्याचे स्वतःचे चित्र, गोगँला भेट दिलेले. आज ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. पार्श्वभूमी फिकट हिरवी, डोके भादरल्यासारखे, डोळे किंचित तिरपे. पत्रांत तो सांगतो की आपण स्वतःला एका जपानी भिक्खूच्या रूपात काढले आहे, बुद्धाच्या साध्या उपासकाच्या रूपात.

हॉलंडच्या धर्मोपदेशकाचा मुलगा भिक्खू कुठून झाला? तो जपानला कधी गेला नाही. एकाही विहाराची पायरी त्याने चढलेली आम्हाला ठाऊक नाही. त्याच्यापाशी होती जपानी ठशांची चित्रे आणि पिएर लोतीची 'मादाम क्रिझांतेम' ही कादंबरी, जी त्याने त्याच उन्हाळ्यात वाचली होती. आता गंमत अशी, की या कादंबरीतला फ्रेंच अधिकारी जपानी लोकांना तुच्छतेने बघतो. पण व्हिन्सेंटने ती तुच्छता घेतलीच नाही! त्याने साधेपणा तेवढा उचलला, कमीत कमी गरजांत शांतपणे काम करणाऱ्या माणसाची कल्पना उचलली. ज्याला आनंदाने वाचता येते तो पुस्तकाचा गुलाम होत नाही. पाखडून दाणे तेवढे घेतो.

त्याला धम्म कळला होता असे आम्ही म्हणणार नाही. कादंबरीतून जेवढे कळते तेवढेच. पण चारी बाजूंनी हरलेल्या माणसाला आपला चेहरा कसा रंगवावा हा प्रश्न पडला, तेव्हा त्याला भिक्खूचा चेहरा आठवला, याचा आम्हाला फार आनंद वाटतो.

आणि वाङ्मयातून चित्र, हे आपल्याकडे नवे का आहे? अजिंठ्याला आपण सहली काढतो. जातककथा आधी सांगितल्या गेल्या, लिहिल्या गेल्या, मग भिंतीवर आल्या. लेणे क्रमांक २ मध्ये तर चित्रांच्या जवळच आर्यशूराच्या जातकमालेतले श्लोक लिहिलेले सापडले आहेत. कथेत आणि भिंतीवर असे शेजारपण होते.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, नुसत्या कादंबऱ्या वाचून चित्रकार होतो काय? मुळीच नाही. व्हिन्सेंटने रेखाटनाच्या अभ्यासाचे जाड संच पुन्हा पुन्हा गिरवले, रंगशास्त्राची पुस्तके वाचली, ऊन-वाऱ्यात उभे राहून काम केले. उपयोगाची पुस्तके लागतातच. त्यांनी हात तयार होतो. पण तयार झालेल्या हाताने काढायचे काय, हे ती पुस्तके सांगत नाहीत. आमचेच पाहा ना. आमचा हात तयार होता, आणि वीस वर्षे आम्ही एकच चित्र काढत होतो!

ही गोष्टही सांगायला हवी. दर १४ एप्रिलला बाबासाहेबांचे मोठे चित्र आम्हीच रंगवायचो. फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर पाडायच्या आणि भरत जायचे. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. लोक म्हणायचे, "गुरुजी, हुबेहूब!" आम्हालाही बरे वाटायचे. पण त्या हातातल्या पुस्तकाकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते. चार रेघा मारल्या की पुस्तक झाले. पुढे बाबासाहेबांच्या लहानपणीची हकिकत वाचली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारात त्याच गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. रामजीबाबा तर लेकाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकून पैसे आणायचे. ते बुद्धचरित्र कुठल्या परीक्षेला नेमलेले नव्हते. बागेत बसून वाचण्याचे मार्कही कुणी देत नव्हते. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फोटो बाजूला ठेवला. बागेत वाचत बसलेला शाळकरी भीम काढला. चित्र हुबेहूब नव्हते, काही जणांना आवडलेही नाही. पण ते आमचे होते.

आणि दुसरे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. आमच्या हाती ते उशिरा, निवृत्तीच्या आसपास लागले. फलटणला दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून या माउलीने ते लिहिले होते. आम्ही ते एका बैठकीत संपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे बसली होती, फुंकणीने जाळ करत. अशी ती आम्ही पन्नास वर्षे पाहिली होती. त्या सकाळी पहिल्यांदा दिसली. कपाळावरची शीर, धुराने बारीक झालेले डोळे, फुंकणी धरलेली बोटे. कागद घेतला आणि बसलो. आई म्हणाली, "माझं कशाला काढतोस? बाबासाहेबांचं काढ." आम्ही म्हटले, "तू हल नको." पुस्तकातला एकही प्रसंग त्या चित्रात नाही, पण पुस्तकाशिवाय ते झाले नसते. आई आता नाही. ते चित्र आहे.

व्हिन्सेंटकडे शेवटचे एकदा जाऊ. डिसेंबर १८८८ नंतर मनाच्या आजाराने त्याला गाठले. पुस्तकांनी त्याला बरे केले, असे खोटे आम्ही सांगणार नाही. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. पण आजारपणात त्याने दोन जुनी आवडती पुस्तके पुन्हा काढली. एक डिकन्सच्या नाताळच्या गोष्टी. दुसरे हॅरिएट बीचर स्टोवचे 'अंकल टॉम्स केबिन'. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या यातनांवरचे हे पुस्तक १८५२ चे. एका बाईने, मुलांसाठी सूप रांधता रांधता लिहिले, याचे व्हिन्सेंटला अप्रूप वाटे. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, हे आपण जाणताच. पुण्यातला माणूस आणि आर्लमधला माणूस एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांचे मन त्या एकाच लढ्याकडे ओढले गेले. फेब्रुवारी १८९० मध्ये व्हिन्सेंटने आर्लच्या एका कॅफेवालीचे चित्र काढले. हे शेवटचे. तिच्यापुढे टेबलावर दोन पुस्तके आहेत. कव्हरावर नावे रंगवली आहेत. तीच दोन पुस्तके. दवाखान्यातल्या माणसाने दुसऱ्या एका आजारी, थकलेल्या बाईपुढे स्वतःला धीर देणारी पुस्तके चित्रात ठेवली. आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना फळे नेतात, तसे!

तर त्या पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. दादा, चित्र काढायला हात लागतो हे खरे. पण हात डोळ्याचे ऐकतो, आणि डोळा मनाचे. मनात काय साठले आहे त्यावर समोरचे दिसते. ते साठवायला आनंदाने वाचावे लागते, आणि आनंदाने वाचताना उपयोगाचा हिशेब मांडता येत नाही. कुठले पान कधी कामाला येईल हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसते. कधी सहा वर्षांनी येते, कधी पन्नास वर्षांनी.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके जरूर आणा. आमची पोरं कलेक्टर व्हावीत ही आमचीही इच्छा आहे. पण त्यासाठी गोष्टींना माळ्यावर धाडू नका. जागेची अडचण आहे ना? आमच्या घरी एक लाकडी मांडणी आहे, चार फळ्यांची. रंगाचे डबे ठेवायचो तीवर. ती घासून, रंग देऊन आम्ही विहाराला देतो. वरच्या तीन फळ्या गोष्टींच्या, खालची चित्रांच्या पुस्तकांची, लहानांचा हात पोचेल अशी. समितीने फक्त कोपरा द्यावा.

त्या मांडणीवर ठेवायचे पहिले पुस्तक आम्ही आज सोबत आणले आहे. गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला होता. त्याची मुलगी, आमची नात, पालथी पडून गोष्ट वाचत होती आणि मध्येच कागदावर काहीबाही काढत होती. आम्ही धीर करून मुलाला म्हटले, "बाळा, तेव्हा आमचं चुकलं." त्याला क्षणभर कळले नाही. मग हसला. म्हणाला, "बाबा, ते पुस्तक फेकलंत का हो?" फेकले नव्हते. इतकी वर्षे आमच्या पेटीत, ब्रशांच्या खाली होते. काढून दिले. त्याने पाने चाळली. एका पानाच्या कडेला पेन्सिलीने काढलेली सायकल होती. पुसट झालेली, पण चाके गोल! तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हे विहारात द्या. कुणीतरी वाचेल."

हे ते पुस्तक. अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो. कव्हर फाटले आहे, आम्ही खळ लावून चिकटवले आहे. सायकल मात्र पुसू नका. पुढच्या पोराला कळू दे की आपल्या आधी कुणी तरी हे मजेत वाचले होते.